कूलरची हवा कॉम्प्युटरला

थोरल्याने विचारलं आहे की गाण्यांच्या मागे जी सारखी घरघर ऐकू येते ती काढून टाकू का. त्याच्याकडे तसं सॉफ्टवेअर आहे म्हणे. धाकटीने विचारलं आहे की मोठ्या आजीचा आवाज तेवढा वेगळा करून मिळेल का. दोघांना एकदमच उत्तर लिहिते. फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही.

ती घरघर कूलरची आहे. तो कूलर कोणासाठी लावला होता हे कळलं की मग ठरवा काय काढायचं आणि काय ठेवायचं.

मोठी आजी म्हणजे तुमच्या आबाजींची थोरली वहिनी, माझी जाऊ. ती पारशिवनीच्या पुढे गावीच राहते, हे तुम्हाला माहीत आहे. यंदा उन्हाळा लागता लागता तिला नागपूरला दातांच्या डॉक्टरकडे आणलं. डॉक्टरने तोंडात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, उरलेले सगळे दात पोकळ झालेत, सगळे काढावे लागतील, हिरड्या भरल्या की कवळी बसवू. मे महिन्यातली तारीखही दिली. मला वाटलं, बाई दुखण्याला घाबरेल. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "दुखणं गेलं खड्ड्यात. दात गेले का सासूबाईचं गाणं गेलं, लहाने. हिरड्यांनं का शब्द फुटते?"

सासूबाई म्हणजे तुमची पणजी. धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चिखलात वाकून बायका गाणी म्हणतात. सासूबाई ती गाणी स्वतः रचायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि त्यांची गाणी लिहून ठेवावीत असं वाटणारं माणूस त्या वेळी घरात नव्हतं. थोरल्या जाऊबाई बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, त्यांच्या शेजारी वाकलेल्या असायच्या, म्हणून ती गाणी त्यांच्याकडे आली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी सून. मला सासूबाईंनी कधी चिखलात उतरू दिलं नाही. "तिचे पाय पुस्तकाचे हायेत," असं म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी आजवर तपासलेलं नाही.

शब्द मी आता लिहून घेऊ शकले असते. पण कागदावरचं गाणं म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं लुगडं; नेसल्यावर कसं दिसतं ते त्यावरून कळत नाही. जाऊबाईंच्या तोंडून ते घ्यायला हवं होतं, आणि दात असेपर्यंत घ्यायला हवं होतं. मी त्याच दिवशी माझा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवून मोकळी झाले असते. पण थोरल्या, मी तुला विचारायची चूक केली. तू म्हणालास, "आजी, मोबाइलवर नको, वाया जाईल. एकदाच करायचं तर नीट कर. साउंड कार्ड घे, कंडेन्सर माइक घे, आणि तुमचा तो डबडा कॉम्प्युटर फेकून दे." व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे खिडकीत लोकरीचे मोजे वाळत होते. इथे आमचे माठ तापत होते.

मग आबाजींनी अभ्यास सुरू केला.

आयुष्यभर वीज खात्यात काढलेल्या माणसाला तारांचं भय नसावं, एवढीच माझी अपेक्षा होती. पण यांचा अभ्यास म्हणजे व्हिडिओ बघणं. त्या व्हिडिओंत एक माणूस खोकं उघडतो. बाकी काही होत नाही. तो खोक्याचं झाकण काढतो, आतली पिशवी हुंगतो की काय कोण जाणे, आणि म्हणतो की मागच्या वर्षीच्या डबीपेक्षा ही डबी बरी आहे. मग दुसरा माणूस म्हणतो की नाही, मागच्या वर्षीचीच बरी. साउंड कार्ड म्हणजे काय हे तोवर मला एका वाक्यात कळलं होतं: आवाज माइकमधून कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी. हे एक वाक्य सोडून बाकी सगळं हे मला जेवताना ऐकवायचे. प्रीअँप. बिट. लेटन्सी. मी वरण वाढत विचारायची, "ही डबी घेतली तर बाईंचे दात थांबतील का?"

तिकडून जाऊबाईंचा फोन यायचा. "घेतलं का गा मशीन?"

"पाहून राहिलो, वहिनी."

"पाहा, पाहा. मशीन पाहून राहिले का पोरगी? तुह्या लग्नात तं एका दिवसात हो म्हटलं होतं तू."

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका दुपारी त्या आंब्याची कोय चोखत बसल्या होत्या आणि पुढचा एक दात कोयीतच राहिला. त्यांनी फोन करून सांगितलं तेव्हा 'स' म्हणताना शिट्टी वाजत होती. "एक गेला वं, लहाने. तुह्या नवऱ्याले सांग, दात काही व्हिडिओ पाहून पडत नाही."

दुसऱ्या सकाळी मी पायात चप्पल घातली आणि यांना म्हटलं, आज सदरच्या बाजारात जायचं.

पहिल्या दुकानात शिरताच विक्रेत्याने विचारलं, "आंटी, पोते के लिए ना? कौनसा गेम खेलता है?"

"मेरे लिए. गाना रेकॉर्ड करना है."

म्हाताऱ्या बायकांसाठी दुकानदार एक खास हसू राखून ठेवतात. तसं तो हसला, आणि आम्हाला कॉम्प्युटरच्या एका काचेच्या पेटीपुढे उभं केलं. तिच्यात लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते. वरातीच्या बँडवाल्याच्या गाडीवर असतात ना, तसे. आत तीन पंखे गरगरत होते. हे तर तिच्यापुढे हात जोडून उभे राहायचेच काय ते बाकी होते.

मी विचारलं, "हिचा आवाज किती होतो?"

"एकदम फुल, आंटी! स्पीकर साथ में फ्री!"

गाण्याच्या खोलीत ठेवायच्या वस्तूने गप्प बसावं, ही गोष्ट त्या दुकानात कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती. मी दिवे नसलेला, पंखा कमी वाजणारा एक लॅपटॉप निवडला. तो कोपऱ्यात धूळ खात होता, कारण तो दिसायला कामाचा होता.

साउंड कार्डासाठी वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथला मालक स्वतः कलाकार होता, म्हणजे त्याने केस वाढवले होते आणि तो गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायचा. एका डबीवर बोटं फिरवत तो म्हणाला, "ताई, यात काय आहे, वॉर्म साउंड येतो."

मी म्हटलं, "मे महिन्यात नागपुरात माणसाला वॉर्म काही विकू नये."

तो हसला नाही. कलाकार हसत नाहीत. त्याने दोन डब्या पुढे ठेवल्या: एकीला माइकच्या वायरीसाठी दोन भोकं, दुसरीला आठ. "गाणारे किती?"

"एकच," मी म्हटलं. "सत्तरी ओलांडलेल्या बाई आहेत."

"मग दोन पुष्कळ. एक आवाजाला, एक गिटारला."

यांनी मान डोलावली. थोरल्याने फोनवरून मान डोलावली. मीही डोलावली. इतकी शिकलेली माणसं आणि एकालाही वाटलं नाही की 'एकच' हे उत्तर कोणाला तरी विचारून द्यावं.

घरी आल्यावर यांनी माइक जोडला आणि त्यात "हॅलो" म्हटलं. काही नाही. मग मोठ्याने म्हटलं. मग वायरी उलटसुलट केल्या. मी माहितीपुस्तिका मागितली, तर म्हणाले, "ज्याले समजत नाही त्याच्यासाठी असते ते." अख्खी दुपार त्या मुक्या माइकपुढे 'हॅलो' चाललं होतं, शेजारणीने येऊन विचारलं, कोणाचा फोन लागत नाही का? संध्याकाळी मी चहा घेत पुस्तिका वाचली. भिकार इंग्रजी होतं, पण चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की असल्या माइकला वीज लागते आणि ती देणारं बटण डबीच्या पुढेच आहे. मी ते दाबलं. वीज खात्याचा फोन लागला.

जाऊबाई दात काढण्याच्या आदल्या आठवड्यात एस.टी.ने आल्या. तोवर थोरल्याच्या हुकमावरून आम्ही मागच्या खोलीचा स्टुडिओ केला होता. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर गोधड्या टांगल्या, कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. जाऊबाई उंबऱ्यात थांबल्या. "ह्या खोलीत कोन बाळंत झालं वं?"

आत बसवून त्यांच्या पदरावरून हेडफोन चढवला. त्यांनी एक ओळ म्हटली आणि दचकून मागे पाहिलं. "माह्या मागून कोन म्हनून राहिली?" त्यांचाच आवाज कॉम्प्युटरमधून फिरून जरा उशिराने कानात येत होता. हीच ती लेटन्सी, जिच्यावर यांनी मला महिनाभर व्याख्यानं दिली होती. ती समोर आली तेव्हा यांना ओळखू आली नाही. शिवाय जाऊबाई गाताना एक हात कानावर ठेवतात. हात कुठे ठेवू, त्या विचारत होत्या, कान तर तुम्ही झाकून टाकले. शेवटी मी हेडफोन काढून यांच्या डोक्यावर घातला.

मग त्यांनी डोळे मिटले, हात कानावर नेला आणि सुरू केलं:

*कोनाड्यातले देव गेले पेंच नदीच्या पाण्याले...*

आणि थांबल्या.

आम्ही वाट पाहिली. फोनवर थोरला वाट पाहत होता. त्यांनी डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबल्या.

"आजी, तिला सांग थांबू नको," थोरला म्हणाला. "सलग म्हणायला सांग."

"म्हन ना वं!" जाऊबाई माझ्यावर ओरडल्या.

"काय म्हणू?"

"झेल ना! मी टाकली ओळ, आता झेलाची कोनं? गादीनं?"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. रोवणीत एक बाई ओळ टाकते आणि अख्खी रांग ती झेलते. ती झेलेपर्यंत पुढची ओळ येत नाही. बाई मुद्दाम थांबवते असं नाही, ओळच येत नाही. ते देव बुडवल्याचं गाणं सासूबाईंनी घराने धर्म बदलल्यावर रचलं होतं. प्रत्येक ओळीला रांग एकच उत्तर देते: *जाऊ दे वं जाऊ दे, पोर जाते शाळेले.*

थोरला म्हणाला, "काही प्रॉब्लेम नाही. तिने तिचा भाग म्हणू दे. बाकीच्या बायकांचा कोरस नंतर वेगळा रेकॉर्ड करू आणि जोडू. सगळे तसंच करतात."

मी ते जाऊबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी पदराने घाम पुसला. "म्हंजे मी आज हाक मारू अन् हे पुढच्या महिन्यात ओ देईन? असा कोनता गाव हाय तुह्या नातवाचा?"

तुम्ही दोघं ज्या गावात राहता तिथे हे चालत असेल. मी गादी भिंतीवरून खाली काढली.

दात काढायला मध्ये एकच दिवस उरला होता. मी विहारातल्या बायकांना सांगितलं. रविवारी वंदनेला येतात त्यांतल्या पाच जणी आल्या. कोणी रामटेककडची, कोणी मौद्याकडची, सगळ्यांनी तरुणपणी चिखल तुडवलेला. सासूबाईंचं गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं, पण झेलायची ओळ एकदा ऐकवली की पुरे, असं त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे ताक मागितलं.

आता दोन भोकांच्या डबीत इतक्या बायका कशा घालायच्या? यांनी कागद घेऊन आकृती काढायला घेतली. जाऊबाई म्हणाल्या, "मधात ठेव ना गा ते भोंगा. आम्ही भोवताली बसतो." हॉलमध्ये सतरंजी घातली, मध्ये माइक, भोवती बायका. झालं. एक भोक उरलंच.

पण हॉलमधला कूलर बंद केला आणि पाणी पिऊन घेईपर्यंत लॅपटॉपचा पडदा काळा झाला. हात लावला तर तवा. यांनी निदान केलं, "हीट झाला." एवढं मलाही कळलं होतं. पुन्हा चालू केला, पुन्हा गेला. बायका पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही बंद पडली नव्हती.

माइकची वायर लांब होती, हा त्या सबंध खरेदीतला एकमेव शहाणपणा. कॉम्प्युटर आणि डबी उचलून आतल्या खोलीत नेली, तिथल्या कूलरच्या अगदी तोंडापुढे स्टुलावर ठेवली आणि वायर दाराखालून हॉलमध्ये आणली. कॉम्प्युटरजवळ कोणीतरी हवं, म्हणून हे हेडफोन घालून तिथेच बसले. असं करून आपल्या घरात भर मे महिन्यात वाळ्याची थंडगार हवा एक यंत्र आणि एक निवृत्त इंजिनियर यांना मिळत होती, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या सहा म्हाताऱ्या बंद हॉलमध्ये घामाने भिजत होत्या.

"कूलर कॉम्प्युटरले लावला वं बाई," एक जण म्हणाली. "पुढच्या जन्मी मी कॉम्प्युटर होईन."

"पुढचा जन्म आपल्यात नाही," दुसरी म्हणाली. "इथंच हो, आत जाऊन बस."

आतून आवाज आला, "रोलिंग!" हा शब्द यांनी खोकंवाल्यांकडून उचलला होता.

"काय म्हनते?"

"सुरू करा म्हणताहेत, बाई."

"तू काहून उभी हायेस?" जाऊबाई मला म्हणाल्या. "रांग तोकडी पडते. बस इथं."

"मला येत नाही."

"एवढे पुस्तकं लावले कपाटात, एक ओळ लावता येत नाही? बस."

मी बसले. जाऊबाईंनी हात कानावर नेला आणि ओळ टाकली. पाच जणींनी ती झेलली, आणि माझ्याही तोंडून काहीतरी निघालं. पुढची ओळ आली. *कंबर मोडली रोवणीत, दिस गेला कलतीले.* जाऊ दे वं जाऊ दे, पोर जाते शाळेले. मग कधी न ऐकलेल्या ओळी यायला लागल्या. मालकाच्या गड्याने मापात मारलेली पायली, सासऱ्याने धुतलेला रिकामा कोनाडा, त्या कोनाड्यात ठेवलेली पाटी-पेन्सिल. 'शाळे'तला 'श' शिट्टी मारत बाहेर पडत होता, पण पडत होता. बांगड्या वाजत होत्या. कोणीतरी मांडीवर ताल धरला होता. एका कडव्यात सगळ्या जणी बरोबर थांबल्या आणि मी एकटीच पुढे गेले. तेही तुमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये आहे. थोरल्या, तू ते ऐकून 'कोणीतरी ऑफ-की आहे' असं कळवलंस. ती मी.

गाणं संपल्यावर हे बाहेर आले आणि म्हणाले, "छान. ही लेव्हल चेक होती. आता खरं म्हणा."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "माहं खरंच होतं, गा."

मला हे होणार हे ठाऊक होतं. म्हणून कॉम्प्युटर कूलरपुढे ठेवतानाच मी रेकॉर्डचं बटण दाबून आले होते आणि यांना सांगितलं नव्हतं. सगळं आलं होतं. 'रोलिंग' सुद्धा आलं होतं. तेवढं मात्र तू खुशाल काप.

दुपार उतरेपर्यंत त्यांनी आठवली तेवढी गाणी टाकली आणि आम्ही झेलली. दुसऱ्या दिवशी दात काढायला सुरुवात झाली.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. घरघर काढू नका. यंत्राला गार ठेवायला माणसं तापली, याचा तो पुरावा आहे, आणि तुमच्या त्या सॉफ्टवेअरला घरघर कुठे संपते आणि आमच्यातल्या एका दमेकरी बाईचा श्वास कुठे सुरू होतो हे कळणार नाही. मोठ्या आजीचा आवाज वेगळा काढता येत असेल, तर काढू नका. आम्ही आधी तो वेगळाच काढायला बसलो होतो, गाद्या लावून. काय मिळालं ते सांगितलं. आणि धाकटे, मागे बीट टाकायचा विचार असेल तर बीट आहे. ते मांडीवरचं ऐक.

हिरड्या भरेपर्यंत जाऊबाई आमच्याकडेच राहिल्या. पेज, खीर, दुधात कुस्करलेली पोळी. तोंडावर पदर धरून बोलायच्या आणि बोलायच्याही थोडं. घरात इतकी शांतता मी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती. लॅपटॉप यांनी खोकंवाल्यांचे व्हिडिओ बघायला परत मिळवला होता. एका दुपारी तो काढून घेतला आणि जाऊबाईंपुढे ठेवून मी गाणं लावलं.

त्यांनी डोळे मिटून पहिली ओळ ऐकली. कोनाड्यातले देव गेले. ओळ संपली, कॉम्प्युटरमधल्या आम्ही सहा जणी झेलायला लागलो, आणि इकडे जाऊबाईंचा पदर तोंडावरून खाली आला. नुसत्या हिरड्यांनी, हवा निसटत, त्यासुद्धा आमच्यात झेलायला लागल्या. जाऊ दे वं जाऊ दे. कुठल्याही अक्षराला कड राहिली नव्हती, पण ओळीला जागा बरोबर सापडत होती. सगळं गाणं त्यांनी असं झेललं. एकदाही चुकल्या नाहीत. मी पुन्हा त्याच कडव्यात पुढे गेले, तेव्हा मला कोपर मारलं.

संपल्यावर पदर पुन्हा तोंडावर घेत त्या म्हणाल्या, "बरी म्हनते वं हे बाई."

मग लॅपटॉपकडे बोट दाखवून:

"दात असतीन तिले."